एकशे बारा क्रमांकाचा ठिपका

सर फळ्यावरचं चुकलेलं उत्तर डस्टरनं पुसू देत नसत. ज्यानं लिहिलं त्यानंच पुसायचं, आणि तळहातानं. पुसून झालं की हात झटकायचा नाही, धुवायचा नाही, कपड्याला लावायचा नाही. तास संपेपर्यंत तो तळहात वर करून बाकावर ठेवायचा. शिरूरच्या कॉलेजात त्या काळी ज्यांनी भौतिकशास्त्र घेतलं, त्यांना खडूच्या भुकटीनं कोरडा पडलेला तळहात कसा लागतो ते आजही आठवत असेल. कुणी कारण विचारलंच तर सर म्हणत, "डस्टरनं पुसलं की फळा स्वच्छ होतो. मला फळ्याचं काही पडलेलं नाही."

मुलं त्यांना पाठीमागं ठिपके सर म्हणत. विभागाच्या मागच्या खोलीत, मोडक्या स्टँडांच्या आणि जुन्या बॅटऱ्यांच्या शेजारी एक संगणक होता आणि त्याच्या काळ्या पडद्यावर दिवसभर पांढरे ठिपके असत. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या एका उपग्रहावरच्या दुर्बिणीनं टिपलेले ते क्ष-किरण होते. उपग्रह परक्या देशाचा. चित्रं दुसऱ्याच कुणी, दुसऱ्याच कशासाठी घेतलेली. कुणाला एखादा तारा पाहायचा असे. तो मधोमध धरून दुर्बीण तासन्‌तास रोखलेली असे. त्याचं काम झालं की काही काळानं ती चित्रं सगळ्यांना खुली होत आणि पुण्यातल्या एका संस्थेतून त्यांच्या सीडी सरांना मिळत. मधल्या ताऱ्याशी सरांना देणंघेणं नसे. आजूबाजूला जे नकळत टिपलं गेलं ते त्यांना हवं असे. "धन्यानं बाजरी काढून नेली," ते म्हणत. "आपण सरवा वेचायचा. रानात राहिलेलं कणीस उचललं तर कुणी चोर म्हणत नाही."

त्या सरव्यात ते दीर्घिकांचे गुच्छ शोधत. आपली आकाशगंगा ही एक दीर्घिका. अशा शेकडो दीर्घिका एकमेकींच्या ओढीनं एका ठिकाणी धरून राहतात, तो गुच्छ. पहिल्याच तासाला एका मुलानं विचारलं, की दीर्घिका साध्या दुर्बिणीतूनही दिसतात, मग क्ष-किरण कशाला?

"कुठून येतोस?" सरांनी विचारलं.

"तळेगाव ढमढेऱ्यावरनं, सर."

"एसटीनं?"

"व्हय."

"डोळे मिटून एसटीत चढलास. गाडी भरलेली आहे की रिकामी, कळेल?"

"कळंल."

"कशानं?"

मुलगा म्हणाला, "गरम लागतं."

"बस खाली. गुच्छातल्या दीर्घिकांच्या मधे जी जागा असते तिथं वायू असतो, कोट्यवधी अंश तापलेला. तो क्ष-किरण सोडतो. एकामागं एक उभ्या असलेल्या दीर्घिका लांबून गर्दी वाटतात, पण तिथं ऊब नसते. ऊब आहे तिथंच गर्दी खरी."

तो मुलगा मी. तळहात पांढरा न होता खाली बसायला मिळणं, एवढंच त्या वर्गात कौतुक होतं.

सर दौंडचे. वडील रेल्वेत होते. जंक्शनवर गाडी थांबली की लांब दांड्याचा हातोडा घेऊन डब्यांच्या कडेनं चालायचं, प्रत्येक चाकावर एक ठोका मारायचा आणि आवाज ऐकायचा, हे त्यांचं काम. चाक धड असेल तर आवाज घणघणतो, तडा असेल तर बद्द येतो. वीज गेली आणि संगणक बंद पडला की सर ही गोष्ट सांगत. वीज रोज जाई, त्यामुळं ती आम्ही पुष्कळ वेळा ऐकली. शेवट नेहमी एकच. "माझ्या बापाला शंका आली की चाक मोडीत. कुणी म्हणालं, अहो, चांगलं असेल. तो म्हणायचा, चांगलं चाक मोडीत गेलं तर लोखंड जातं. तडा गेलेलं चाक पुढं गेलं तर माणसं जातात." मग आमच्याकडं बघून ते म्हणत, "ठिपक्याला गुच्छ म्हणायच्या आधी हे आठवायचं."

या सावधपणाचं आणखी एक कारण होतं आणि तेही ते दर वर्षी नव्या मुलांना स्वतःच सांगत. पहिल्या खेपेला सरांनी सात गुच्छ शोधून पुण्याच्या संस्थेत एका बैठकीत मांडले होते. एका ज्येष्ठ शास्त्रज्ञानं शेवटी एकच प्रश्न विचारला. या दुर्बिणीच्या चित्रात कडेला गेलं की सगळंच फुगतं. साधा तारासुद्धा पसरट दिसतो. हे सात मधे आहेत की काठावर? पाच काठावर निघाले. पाचही साधे ठिपके. खोली हसली. चहाच्या वेळी कुणीतरी "शिरूरचे गुच्छ" असा शब्द काढला आणि तो दोन वर्षं तिथं चालला. कुठल्याही फुगवलेल्या निष्कर्षाला तिथली मुलं शिरूरचा गुच्छ म्हणू लागली. सर हे सगळं नावं गाळून, पण एकही टोमणा न गाळता सांगत. दौंडच्या बौद्ध वस्तीतून त्या संस्थेत पोचलेले ते पहिलेच होते. एकदाच, खिडकीबाहेर बघत, ते म्हणाले, "दुसऱ्या कुणाचं चुकलं तर त्याचं चुकतं. माझं चुकलं तर आमच्या सगळ्यांचं चुकतं."

म्हणून पाकिटांचा नियम आला. दर पंधरवड्याला सर चित्रांच्या छापील प्रती काढत आणि संशयित ठिपक्यांना क्रमांक देत. दोन विद्यार्थ्यांनी त्या प्रती वेगवेगळ्या बसून पाहायच्या. एकमेकांशी बोलायचं नाही. प्रत्येक क्रमांकापुढं पेन्सिलीनं एक अक्षर लिहायचं: ग म्हणजे गुच्छ, ठ म्हणजे ठिपका. कागद पाकिटात घालून शनिवारी द्यायचा. दोन्ही पाकिटं आली की सर दोन्ही एकदम उघडत. दोघांचा ग असेल तर क्रमांक यादीत जाई. एकाचा ग आणि एकाचा ठ असेल तर ठ. स्वतःचं मत ते मोजत नसत. "मला फार दिसतं," ते म्हणत. "एकदा सात दिसले होते." त्यांनी पुण्याला धाडलेल्या यादीतलं पुढं मोठ्या दुर्बिणींनी जे जे तपासलं गेलं ते खरं निघालं. शिरूरचा गुच्छ हा शब्द हळूहळू बंद झाला. ही त्यांची कमाई. तिला कुणाचाही हात लागू नये, यासाठी ते कुणाशीही कसंही वागायला तयार होते.

कसंही म्हणजे कसंही. एका मुलानं वहीवर सुंदर अक्षरात नाव घातलं होतं, सर म्हणाले, "पाटी रंगवायचा धंदा काढ, इथं वेळ घालवू नकोस." मुलानं खरंच तो धंदा काढला. एका मुलीला रडू आलं तेव्हा ते घड्याळ काढून टेबलावर ठेवून म्हणाले, "तीन मिनिटं. नंतर पुढचं गणित." मात्र सोमवारी ते दौंडहून येत तेव्हा पिशवीत तिथल्या बेकरीतली खारी असे आणि ती सगळ्यांना सारखी वाटली जाई, पांढऱ्या तळहातांनासुद्धा. "उपाशी ठेवून चूक सुधारत नाही," ते म्हणत. मला विषमज्वर झाला तेव्हा ते तळेगावला घरी आले होते. तासभर उशाशी बसून बुडालेले धडे शिकवले. निघताना माझ्या आईला म्हणाले, "मुलगा हुशार नाही, बाई. पण वेळेवर येतो. तेवढ्यावर माणूस पुष्कळ पुढं जातो." आईनं ते कौतुक समजून गावभर सांगितलं.

माझ्याबरोबरचं दुसरं पाकीट मंगलचं असे. ती कवठे येमाईची. तिच्या आज्यापर्यंत घर मेंढरांमागं कोकणापर्यंत फिरायचं. वडिलांनी, त्यांना ती आबा म्हणे, जमीन धरली आणि पन्नासेक मेंढरं ठेवली. मंगल सुट्टीत ती राखी. वर्गात ती कमी बोले आणि बोलली की गावच्याच भाषेत बोले. सर ती भाषा कधी सुधारत नसत, आणि ते तिच्याशी सगळ्यात कठोर वागत. मंगलला ठिपके माझ्याहून चांगले दिसत, हे मला माहीत होतं आणि सरांनाही. मी ठ लिहिताना कारण देत नसे. ती समासात लिही: "ह्याची कड सगळीकडं सारखी, म्हणून ठ." "हा काठावर हाय, फुगलाय, म्हणून ठ."

वर्षाच्या शेवटी सर एकाच विद्यार्थ्यासाठी पुण्याच्या संस्थेला पत्र देत. पत्र मिळालं की उन्हाळाभर तिथं काम आणि पुढं एम. एस्सी.चा रस्ता. निकष उघड होता. दुसऱ्या पाकिटानं दुजोरा न दिलेला ग म्हणजे खोटा ग. ज्याचे खोटे ग कमी, पत्र त्याचं. त्या वर्षी शेवटच्या पाकिटापर्यंत मंगल आणि मी बरोबरीत होतो. बरोबरी राहिली तर तिच्या समासातली कारणं बघून पत्र तिला जाणार, हे न सांगता कळत होतं. त्याच सुमाराला तिचे आबा कॉलेजात आले. पटका काढून मांडीवर ठेवून ते सरांना म्हणाले, "मास्तर, दौंडाकडचं ठिकाण आलंय. पोरगा चांगला हाय. तुमचं पुण्याचं पत्र आलं तर मी पाव्हण्यास्नी यक साल थांबा म्हंतो. न्हाई आलं तर वैशाखात उरकून टाकतो. माझं कायबी म्हणणं न्हाई."

"माझंही नाही," सर म्हणाले. "पाकिटात जे असेल ते."

शेवटच्या शनिवारी माझी एसटी शिक्रापूरला बिघडली. मी कॉलेजात तासभर उशिरा पोचलो. तीन वर्षांत पहिल्यांदा. यादी सोमवारी पुण्याला द्यायची होती आणि सरांना न्हावऱ्याच्या रस्त्यानं जाणारी दौंडची गाडी गाठायची होती. मी मागच्या खोलीच्या दारात उभा राहिलो तेव्हा त्यांनी, माझ्या माहितीत एकदाच, स्वतःचा नियम मोडलेला होता. मंगलचं पाकीट फाडलेलं होतं. फळ्यावर ११२ लिहिलेलं होतं, पुढं ग. ती फळ्याजवळ उभी होती. संगणकाला बाहेरची धूळ चालत नसे, म्हणून चपला आणि पिशव्या व्हरांड्यात ठेवायची पद्धत होती. माझी पिशवी बाहेर होती आणि पाकीट पिशवीत.

"एकशे बारा," सर म्हणाले. "ग कशावरून?"

"कडंला धुरकट हाय, सर."

"काठावर सगळंच धुरकट असतं. हे मी किती वेळा सांगितलं?"

"ह्यो काठावर न्हाई. मधल्या गोलात हाय. तिथं तारा येवढा फुगत न्हाई. मी शेजारचे दोन मोजलं."

सरांनी प्रत उचलून पाहिली. ठिपका काठावर नव्हता. त्यांनी प्रत खाली ठेवली. मग म्हणाले, "मधे टोक आहे. सगळा प्रकाश मधे गोळा झालाय. गुच्छ पसरट असतो. टोक म्हणजे ठिपका."

"सर, तुम्ही दुपारची मेंढरं बघितली का?"

"नाही."

"ऊन चढलं की ती येकमेकाच्या पोटाखाली डोकी घालून गोल उभी ऱ्हात्यात. लांबनं काळा दगडच वाटतो. पर कडंला दोनचार सुटी आसत्यात, जागा न मिळालेली. त्या कडंच्यावरनं कळतं, दगड न्हाई, कळप हाय. ह्याच्या कडंला तसंच हाय."

हे तिनं चेष्टेत सांगितलं नव्हतं. तिच्याकडचं सगळ्यात नेमकं निरीक्षण तिनं पुढं ठेवलं होतं. सर हसले. ते सहसा हसत नसत.

"म्हणजे पुण्याला असं लिहू? की एकशे बारा क्रमांक कवठ्याच्या मेंढरांवरून ठरवला?" मग त्यांनी माझ्याकडं मान वळवून म्हटलं, "ऐकलंस का रे? कोट्यवधी प्रकाशवर्षांवरचं कोडं हिच्या आबांच्या वाघरीत सुटलं." वाघूर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. मीही हसलो. "मंगल, त्यांना एकदा हसायला मिळालंय. पुन्हा मी देणार नाही. पूस."

मंगल हलली नाही. "माझं चुकलं आसंल तर पुसते, सर. आधी दुसरं पाकीट उघडा. नेम तुमचाच हाय."

सरांनी माझ्यापुढं हात केला. मी पाकीट आणायला व्हरांड्यात गेलो.

पाकीट अजून डकवलेलं नव्हतं. आतल्या कागदावर, एकशे बारापुढं, माझ्या हातचा ग होता. दोन दिवसांपूर्वी एकट्यानं बसून मी तो लिहिला होता. कडेचा धूर मलाही दिसला होता. कारण मला सांगता आलं नसतं, पण दिसला होता. पेन्सिल आणि खोडरबर पिशवीतच होते. मेंढरांच्या बाजूनं उभं राहायचं नाही, हे खोडण्याचं एक कारण. पत्र एकालाच मिळणार आहे हे त्या क्षणी मला आठवत होतं का, असा प्रश्न मी पुढं स्वतःला अनेकदा विचारला. आठवत होतं. खोडायला आणि ठ लिहायला अर्धं मिनिट लागलं असेल.

सरांनी माझा कागद बाहेर काढला, उजेडाकडं धरून वाचला आणि टेबलावर ठेवला. टेबल हातानं झाडलं. "ठ," ते म्हणाले.

मंगलनं तळहातानं, सावकाश, आधी ग पुसला आणि मग ११२. नंतर ती बाकावर बसली आणि तळहात वर करून ठेवला. तास नव्हता, त्यामुळं तो कधी खाली घ्यायचा हे ठरलेलं नव्हतं. सर गाडीसाठी निघून गेले. मीही निघालो. ती तेव्हा बसलेलीच होती.

पत्र मला मिळालं. मंगलचं लग्न वैशाखात झालं. सर गेले नाहीत. दौंडहून खारीचा पुडा मात्र पाठवला. मी उन्हाळाभर पुण्यात राहिलो आणि तिथल्या लोकांना दोन महिन्यांत जे कळलं ते सरांनी माझ्या आईला आधीच सांगून ठेवलेलं होतं. एम. एस्सी. अर्धी सोडून मी एका वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायला लागलो, पुढं बातमीदार झालो. वेळेवर जाणाऱ्या माणसाला तिथं जागा होती. सरांची यादी चालू राहिली. एकशे बारा क्रमांकापुढं तिच्यात ठ राहिला.

सातआठ वर्षांनी कचेरीत माझ्या नावानं एक पाकीट आलं. आत एका परदेशी शोधनिबंधाच्या दोन पानांची झेरॉक्स होती. सोबत चिठ्ठी नव्हती, पाकिटावर शिक्का दौंडचा होता. मधल्या काळात दुसऱ्या एका उपग्रहावर कितीतरी तीक्ष्ण नजरेची दुर्बीण गेली होती, आणि जुन्या याद्यांमध्ये ठिपके म्हणून टाकून दिलेलं काही त्या लोकांनी पुन्हा तपासलं होतं. काही गुच्छांच्या मधला वायू इतका दाट गोळा झालेला असतो, की हलक्या दुर्बिणीला तो एकाच ताऱ्यासारखा दिसतो, असं त्यात म्हटलं होतं. उदाहरण म्हणून एक चित्र होतं. मधे लख्ख टोक, भोवती दूरवर गेलेली फिकट ऊब. चित्राखालच्या आकाशातल्या स्थानाच्या आकड्यांना पेन्सिलीनं रेघ होती. ते आकडे मला पाठ होते.

मी दौंडला गेलो. सर निवृत्त होऊन रुळांजवळच्या घरात राहत होते. खोकला जडला होता. काकूंनी चहा दिला आणि त्या आत गेल्या. सरांनी कपाटातून एक फाइल काढली आणि माझा तो कागद माझ्यापुढं ठेवला. एकशे बारापुढं ठ. ठ च्या खाली, कागद तिरपा धरला की, ग.

"हे कधी दिसलं तुम्हाला?" मी विचारलं.

"त्याच दिवशी. उजेडाकडं धरला होता ना."

"मग?"

"मग काय? पाकिटात शेवटी जे असतं ते मोजायचं." बाहेरून मालगाडी गेली. ती पूर्ण जाईपर्यंत ते थांबले. "खरं सांगू? तुझा ठ बघून मला बरं वाटलं. मलाही कडेचा धूर दिसला होता. पण मेंढरांवर हसून झालं होतं, आणि पुण्यात कुणी मेंढरांवर हसेल ही भीती त्याआधीची होती. तिचं पाकीट आधी उघडलं ते मी. सुरुवात माझी. मधलं तुझं."

"तिला सांगितलंत?"

"तिला काय सांगायचं? तिला तेव्हाच माहीत होतं की तो गुच्छ आहे. माहीत नसल्यासारखं आपण दोघं वागलो." त्यांनी कागद माझ्या हातात दिला. "हे मात्र तू सांग. खोडलेलं तुझ्या हातचं आहे. ज्यानं लिहिलं त्यानंच."

मी निघालो तेव्हा ते दारापर्यंत आले आणि म्हणाले, "माझा बाप म्हणायचा, चांगलं चाक मोडीत गेलं तर लोखंडच जातं. त्यानं लोखंडाला कधी विचारलं नव्हतं." त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे शेवटचं वाक्य.

मी लगेच गेलो नाही. निवडणूक होती, मग अधिवेशन होतं. बातमीदाराला कारणांचा तोटा नसतो. थंडीत सर वारले. दौंडला पांढऱ्या कपड्यांत पुष्कळ माणसं जमली होती. वंदना झाली. शिरूरचे जुने विद्यार्थी चाळीसेक तरी असतील. प्रत्येकाकडं सरांच्या दुष्टपणाची एकेक गोष्ट होती आणि प्रत्येकजण ती रडत सांगत होता. पाट्या रंगवणाऱ्यानं सरांचं नाव काळ्या फलकावर सुंदर अक्षरात लिहून आणलं होतं. मंगल दिसली नाही. ती सणसवाडीत असते, एका कारखान्यात, असं कुणीतरी सांगितलं. पुढच्या आठवड्यात मी गेलो.

जेवणाच्या सुट्टीत ती फाटकाबाहेर आली. अंगावर कंपनीचा निळा कोट, केसांना जाळी. गाड्यांचे रंगवलेले पत्रे ट्यूबलाइटखाली तपासायचं काम तिच्याकडं होतं. नवऱ्याची नोकरी त्याच पट्ट्यात, खोली जवळच भाड्यानं. चहाच्या टपरीवर बसत ती म्हणाली, "हितंबी ठिपकंच हुडकायचं. रंगात दाणा बसला, बुडबुडा आला की भाईर काढायचा. फरक येवढाच, हितं सापडला की सायेब खूश व्हतो." मग, "सर गेलं म्हणं."

"हो."

"मला कळलं व्हतं. पाळी सोडून येता आलं न्हाई." तिनं चहाचा घोट घेतला. "खारी चांगली आणायचे."

मी आधी नवं चित्र तिच्यापुढं ठेवलं. काय आहे ते सांगायला तोंड उघडलं, पण तिनं हात वर केला. चित्र डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, पुन्हा जवळ आणलं. कडेवरून बोट फिरवत नेलं.

"कडंची सुटी नीट दिसत्यात आता," ती म्हणाली. "एकशे बारा."

मग मी जुना कागद ठेवला आणि जे सांगायचं ते तीन वाक्यांत सांगितलं. माझा ग होता. व्हरांड्यात खोडला. पत्रासाठीही खोडला. बातमी लिहितो तसं, विशेषणांशिवाय.

"ठाव हाय," ती म्हणाली.

"सरांनी सांगितलं होतं?"

"सर कवा सांगायला आले? तुमच्या बोटास्नी रबराचा चुरा व्हता. पाकीट देताना टेबलावर पडला. सरांनी बघितला आन् हातानं झाडून टाकला."

ते टेबल झाडणं मलाही आठवत होतं. इतकी वर्षं मला वाटत होतं, खडूची धूळ होती.

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, रंगवलेला पत्रा बघावा तसं.

"कुणापुढं? तुम्ही दोघंच तर व्हता."

भोंगा झाला. फाटकावरचा पहारेकरी हिंदीत ओरडला, मॅडम, टाइम. मंगलनं नवं चित्र घडी न घालता कोटाच्या आत सरकवलं. जुना कागद उचलला, तिरपा करून एकदा बघितला आणि माझ्या चहाच्या ग्लासाशेजारी ठेवला.

"ह्यो तुमचा," ती म्हणाली, आणि आत गेली.